रस्त्यावरचा हरभरा

आमच्या घराची ओसरी हीच गावाची दूध संस्था होती. दादा, म्हणजे माझे वडील, संस्थेचे सचिव. आणि सचिवाच्या घराला स्वतःची अशी पहाट नसते, हे मला फार लवकर कळले. अंधार पुरता विरलेला नसताना माणसे चरव्या घेऊन ओसरीपुढे उभी राहत. दादा कानाला मफलर गुंडाळून मापाशी बसत. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मग दूध गाळणीतून कॅनमध्ये ओतायचे. कॅनच्या तळाशी पहिली धार पडते तेव्हा पत्र्याचा पोकळ आवाज येतो. कॅन भरत जातो तसा तो आवाज जाड होत जातो आणि शेवटी अगदी मुका होतो. अजूनही कुठे बादलीत नळाचे पाणी पडू लागले की मी नकळत थांबतो आणि बादली कितपत भरली आहे ते न बघता ओळखतो. एवढीच काय ती त्या दिवसांची विद्या माझ्याजवळ शिल्लक आहे.

दादांचा दंडक असा होता की संस्थेच्या कॅनमधला थेंबही घरात यायचा नाही. आमची म्हैस त्या वर्षी आटलेली होती. त्यामुळे गावभरचे दूध ओसरीवर असताना आत चुलीपाशी आम्ही गुळाचा कोरा चहा पीत असू. माय अधूनमधून पुटपुटायची, "दुधाच्या घरी कोरा च्या. लोकं हसतेत आपल्याला." दादा म्हणायचे, "हसू दे. इचारत तर न्हाईत ना काही." जेवणात बाजरीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, माय त्या आमटीला इतका झणका देई की पोटभर भाकरी खाल्ल्याचा भास व्हावा. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. विहिरींच्या तळाशी बेडूकही उरले नव्हते. टँकर यायचा तेव्हा पाण्याआधी घागरींची भांडणे ऐकू यायची. जनावरे कारखान्यावरून आलेल्या उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या पाल्यावर, जगत होती आणि त्या वाढ्याने दूध पातळ पडत होते. दसरा झाला की निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. बीडकडच्या आमच्या शिरूरच्या बाजूला ती रीतच होती. पण त्या वर्षी निम्म्याहून अधिक गेले. बैलगाड्या गेल्या, बैल गेले, धडधाकट माणसे गेली. मागे म्हातारे राहिले, लेकुरवाळ्या बाया राहिल्या, संस्थेमुळे आम्ही राहिलो आणि ज्यांच्या दारात एखादी दुभती म्हैस तगून होती, असे लोक राहिले. त्यांचे सारे दुधावर होते.

गावातून फाट्यापर्यंत कच्चा रस्ता होता आणि फाट्यापासून दूध संघाच्या शीतकरण केंद्रापर्यंत नवा डांबरी रस्ता झाला होता. हा रस्ता दुष्काळी कामातला. त्याची खडी माझ्या मायने फोडली होती, मुरमाच्या पाट्या आमच्या गल्लीतल्या बायांनी वाहिल्या होत्या. आपल्या हातांनी केलेल्या वस्तूकडे माणूस ज्या हक्काने पाहतो, त्या हक्काने आमचे लोक त्या रस्त्याकडे पाहत. उन्हाळ्यात त्यावर पापड वाळत, संध्याकाळी म्हातारे त्याच्या कडेला ऊब घेत बसत, लग्नाची पंगतही एकदा त्यावर बसलेली मी पाहिली आहे. रस्ता वाहनांसाठी असतो हे कुणी नाकारीत नव्हते. पण वाहने होतीच किती? दिवसातून दोनदा एस.टी., एखादा टँकर, एखादी पुढाऱ्याची जीप आणि सकाळी आम्ही, दूधवाले.

बारावीनंतर मी घरीच होतो. संस्थेने एक जुनी फटफटी घेतली, तिच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवण्यासाठी लोखंडी सांगाडा जोडून घेतला आणि दूध पोचवायचे काम माझ्याकडे आले. केंद्रातली टाकी लहान होती. आधी येईल त्याचे दूध आधी टाकीत जाई. टाकी भरली की मागच्यांचे कॅन पत्र्याच्या शेडखाली थांबत. शिवरात्र उलटून ऊन तापू लागले की थांबलेल्या कॅनमधले दूध फिरायचे. तिथला तपासनीस नळीत दूध घेऊन गरम करी, नळीच्या काचेला कण चिकटले की नुसती मान हलवी. मग आख्ख्या गावाचे दूध गटारात. मी एकदा तसा रिकामा परतलो होतो. ओसरीवर बाया उभ्या होत्या. दादांनीच सांगितले, आणि त्या आपापल्या चरव्या उचलून गेल्या. त्यांनी आरडाओरड केली असती तर मला बरे वाटले असते. त्या दिवसानंतर मी फटफटी जोरात हाकू लागलो. आजही स्वतःला तपासताना मी तिथपर्यंत मागे जातो आणि तिथे मला काहीच वाईट सापडत नाही. पुढे कुठल्या वळणावर ते वाईट झाले, हे मात्र नेमके दाखवता येत नाही.

फाट्यावर दुसऱ्या बाजूने वडगावचा रस्ता येऊन मिळत असे आणि त्या रस्त्याने नवनाथ येत असे. वडगावच्या संस्थेचे दूध तो वाही. माझ्याच वयाचा, अंगाने शिडशिडीत, सदा हसरा. त्याला वडील नव्हते. आई आणि तो, एवढेच घर. परळीच्या वीज केंद्रात कुठेतरी चिकटता येईल अशी त्याला आशा होती आणि त्यासाठी तो कुणाकुणाला भेटून येई. सुरुवातीला आम्ही एकमेकांना हात करीत होतो. मग एके दिवशी फाट्यावर दोघे एकाच वेळी पोचलो. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि दोघांनीही फटफटीची मूठ पिळली. केंद्रावर तो आधी पोचला. कॅन उतरवताना म्हणाला, "भास्कर, तुझी गाडी लई दमती बे. तिला वाढं कमी घाल." मी म्हणालो, "उद्या बघ." दोघेही पोट धरून हसलो.

तो उद्या रोज येऊ लागला. फाट्यावर चहाचे एक हॉटेल होते. तिथली माणसे आमच्या वेळेला चहा हातात घेऊन बाहेर येऊ लागली. "आला रे आला, वडगाव आला!" कुणी ओरडे, दुसरा म्हणे, "थांब, आपला भास्कर सुटायचाय अजून." दुष्काळात माणसांना बघायला दुसरे काही नव्हते. शेतात काही हलत नव्हते, आभाळात काही हलत नव्हते. हलत होतो ते आम्ही दोघे. संघाचे चेअरमन एकदा जीपमधून उतरून तिथे उभे होते. ते सज्जन माणूस होते, खादीचा शर्ट, बोलणे हळू. आम्ही पुढून गेलो तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दादांना भेटले तर म्हणाले, "सचिव, पोराच्या अंगात पाणी हाय तुमच्या." दादा नुसते हसले. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "दूध लवकर पोचव म्हणून सांगितलतं मी. नवनाथच्या आधी पोचव म्हणून न्हाई." मला त्या दोन गोष्टींतला फरक तेव्हा दिसला नाही. माझा वेग तोच होता, दूध तेच होते, रस्ता तोच होता.

अलीकडे मी बीडला राहतो. संध्याकाळी वळणरस्त्यावर मुले गाड्या पळवतात, त्यांचा आवाज माझ्या गच्चीपर्यंत येतो. शाळा-महाविद्यालयांतून रस्ता सुरक्षेवर बोलायला मला दरवर्षी बोलावणे येते, कारण मी निवृत्तीला आलेला प्राध्यापक आहे आणि समजुतीने बोलतो असा माझा लौकिक आहे. एकदा मी गेलो होतो. समोर बसलेल्या मुलांना रस्ता सर्वांचा असतो, असे सांगू लागलो आणि मध्येच अडखळलो. सर्वांचा असतो म्हणूनच तर आमच्याकडे तो प्रकार घडला, असे मनात आले. ज्याने त्याने तो आपला मानला होता. मी पाणी मागून घेतले आणि भाषण आटोपले.

गयाबाईचे शेत फाट्याच्या पलीकडे, डांबरी रस्त्याला लागूनच होते. तिचा नवरा बैल घेऊन ऊसतोडीला गेलेला. मागे राहून तिने एकटीने, परतीच्या एका पावसाच्या ओलीवर हरभऱ्याचा तुकडा जगवला होता. पीक कसले, गुडघ्याच्याही खालचे रोप. पण त्या वर्षी आसपास कुणाच्याही शेतात तेवढेही नव्हते. आता प्रश्न मळणीचा. खळ्यावर फिरवायला बैल नाहीत, पंचक्रोशीत कुणाकडेच नाहीत. मग तिने तेच केले जे आमच्याकडे बैल नसलेली माणसे डांबरी रस्ते झाल्यापासून करीत आली आहेत. उपटलेला, वाळलेला हरभरा तिने रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर अंथरला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली घाटे फुटायचे आणि दाणा मोकळा व्हायचा. कडेने तिने दगड मांडले होते, माल बाहेर जाऊ नये म्हणून.

पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी तो हरभरा पाहून वेग कमी केला. गयाबाई बांधावरून ओरडली, "अय बाबांनो, हळू कावून चालले? दाबून जा की! तुमच्यावाचून कोण हाय मला मळणीला?"

नवनाथ थांबला. "मावशी, मळायचं काय देती?"

"तुझ्या लग्नात पुरण घालीन ह्याच्या डाळीचं. जा फिरव."

"लग्न ठरलं न्हाई अजून."

"आदी हरभरा मळ, मग कोण देतंय का बघू पोरगी."

आम्ही हसलो आणि तिच्या हरभऱ्यावर गाड्या फिरवल्या. केंद्राकडे जाताना भरल्या कॅनांसह, आणि परत येताना रिकाम्या कॅनांसह पुन्हा कितीतरी वेळ. घाटे कुरकुरत होते. मोकळ्या कॅनांचा खणखणाट होत होता. गयाबाई लाकडी दाताळ्याने काड उलटत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती. मला वाटते, त्या साऱ्या वर्षात इतके निर्मळ असे दुसरे काही मी केले नसेल. निघताना ती म्हणाली, "उद्या येताना बी ह्याच्यावरूनच जा रे. जोरात आले तरी चालतंय." हे वाक्य मी इथे जसेच्या तसे लिहीत आहे, कारण पुढे त्यावर पुष्कळ अवलंबून होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या येण्याआधीच तिने एका अर्ध्या भागावरचे काड उचलून बाजूला केले होते. त्या अर्ध्यात मोकळा दाणा पसरलेला होता, वारा सुटला की उफणायला घेण्यासाठी. रस्त्याचा उरलेला अर्धा भाग तिने झाडून साफ केला होता, गाड्यांना जायला. दोन्हीच्या मध्ये दगडांची ओळ. एका फटफटीला पुरेल एवढी ती साफ वाट होती. लांबून, सकाळच्या तिरप्या उन्हात, दाण्यांचा तो पट्टा आदल्या दिवशीच्या काडासारखाच तांबूस दिसत होता.

फाट्यावरून आम्ही दोघे बरोबर सुटलो होतो. हॉटेलपाशी नेहमीची माणसे होती. वारा कानात भरलेला, डाव्या अंगाला नवनाथ, त्याच्या कॅनच्या कड्यांचा आवाज माझ्या गुडघ्याजवळ. तो काहीतरी ओरडला, मला वाटते हसत ओरडला. मग गयाबाईचे शेत आले. मी साफ वाटेवरून गेलो. नवनाथ दाण्यांवरून गेला. वाळलेला हरभरा डांबरावर चाकाखाली काय करतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते; आमच्या ओळखीचा होता तो काडातला, घाट्यातला हरभरा. त्याचे पुढचे चाक नुसते घसरले नाही, ते जणू रस्ता सोडून निघून गेले. मला आवाज आला, आधी लोखंडाचा आणि मग दुधाचा. मी थांबून मागे वळलो तेव्हा फटफटी आडवी होती, भरलेला कॅन आणि दगड यांच्यामध्ये नवनाथचा पाय होता, आणि पांढरे दूध दाण्यांमधून वाट काढत उताराकडे चालले होते. गयाबाई धावत आली. तिने आधी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि मग माझ्याकडे पाहून विचारले, "असं कसं झालं रे?" ती मला दोष देत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हते.

एका टेम्पोत घालून त्याला बीडला नेले. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

यानंतर जे झाले ते सांगताना मला सावध राहिले पाहिजे, कारण त्यात कुणीही दुष्ट नव्हते. संघाच्या आवारात कडुलिंबाखाली बैठक बसली. चेअरमन होते, दादा होते, पोलीस चौकीचे जमादार खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. गयाबाई लांब, जमिनीवर. पाहणारा साक्षीदार मी एकटाच. चेअरमन आपल्या हळू आवाजात म्हणाले, "भास्कर, नीट ऐक. नवनाथ संघाचं दूध नेत होता. कामावर असताना पडला. दवाखान्याचा सगळा खर्च संघ करीन, आन् बरा झाला की केंद्रावर बसून करायचं काम देऊ त्याला. आता रस्त्यावर माल टाकून ह्या बाईनं रस्ता अडवला, ही गोष्ट खरीच हाय. जमादार तेवढं लिहून घेतेत. तू फक्त सांग, रोजच्यासारखं दूध घेऊन चाललतो."

"बाईवर केस होईल?" मी विचारले.

जमादार म्हणाले, "होईल तर. डांबरी रस्ता काय तिच्या खळ्याचा तुकडा हाय का?"

गयाबाईचा नवरा तिकडे उसाच्या फडात होता. त्याला निरोप जायलाही आठवडा लागला असता. मी दादांकडे पाहिले. दादा जमिनीकडे पाहत होते. मला वाटले, आपण एवढेच म्हणायचे आहे की दूध घेऊन चाललो होतो, आणि ते खोटेही नाही. आणि तरीही मी म्हणालो, "आमची रेस लागलती साहेब. रोजच लागायची. समद्यांना ठाव हाय. आन् हिनंच आमाला हरभऱ्यावरून जा म्हणून सांगितलतं, आमी आदल्या दिवशी फिरवून बी दिलता. तिनं रस्ता अडवला न्हाई. अर्धा रस्ता मोकळा होता."

मग चेअरमननी विचारले, "पुढं कोण होतं?"

"आठवत न्हाई," मी म्हणालो.

ते खरे होते आणि आजही खरे आहे. मी ते दृश्य मनात असंख्य वेळा चालवून पाहिले आहे. कधी नवनाथ अर्ध्या चाकाने पुढे असतो. साफ वाट त्याच्यासमोर असते, पण तो गयाबाईच्या शब्दाखातर, तिच्या मळणीसाठी हौसेने दाण्यांवर गाडी घालतो. कधी मी पुढे असतो. साफ वाट मी आधी बळकावतो आणि त्याला दाण्यांखेरीज जागाच उरत नाही. दोन्ही दृश्ये सारखीच स्पष्ट आहेत. दोन्हींत ऊन सारखे आहे.

गयाबाईवर केस झाली नाही. संघाने मात्र ठराव केला की शर्यतीत झालेल्या इजेची जबाबदारी संघाची नाही, आणि ठरावाला नाव ठेवायला जागा नव्हती. टाळ्या वाजवणारे हातही त्यात वर झाले होते. केंद्रावरचे काम दुसऱ्याला गेले. परळीचा विषय तर निघायचा प्रश्नच नव्हता. नवनाथच्या आईने दारातल्या म्हशी विकल्या. बैठकीवरून परत येताना दादा पुढे चालत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "खरं बोललास. बरं केलंस." मग थोडे थांबून, "आता नवनाथच्या मायला काय सांगायचं, ते बी तूच सांग." मी गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

गयाबाई मात्र आमच्याकडे आली होती, दुसऱ्याच दिवशी. ओसरीवर न चढता खालीच उभी राहिली. "तू बोलला म्हणून मी वाचले," ती म्हणाली, "पर त्या लेकराचं काय रे? मला दंड झाला असता, मी दोन-चार महिने बसून आले असते. त्याचा पाय तर कुटं येतोय परत?" मायने तिला आत बोलावले, ती आली नाही. तिचा हरभरा कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडलेला होता. दुष्काळाचे वर्ष, घरात खायची मारामार; पण तिने त्यातला मूठभर दाणाही घरात नेला नाही. लोक म्हणायचे, धुऊन घे, दूधच तर सांडलंय. ती ऐकून घ्यायची. शेवटी पाखरांनी आणि शेळ्यांनी तो ढीग संपवला.

हॉटेलावर निराळेच बोलले जाऊ लागले. भास्करने साइड दिली नाही, म्हणून नवनाथ दाण्यावर गेला, असे कुणीतरी म्हणाले आणि मग सगळेच म्हणू लागले. मी केंद्राकडे जाणे सोडले होते; दादांनी दुसरा मुलगा ठेवला. मला कुणी तोंडावर विचारले असते तर मी काय सांगितले असते, कुणास ठाऊक.

उन्हाळा चढला, ऊसतोडीची माणसे गाड्या भरून परतू लागली, गावात पुन्हा आवाज झाला, तेव्हा एके दुपारी मी वडगावला गेलो. नवनाथ दारातल्या बाजेवर बसला होता. पायजम्याची एक बाजू दुमडून पिनेने टाचलेली. मला पाहून तो हसला, अगदी पूर्वीसारखा. "ये बे. मला वाटलं, तू मेलास का काय." त्याची आई उंबऱ्यात गहू निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी पाणी मागावे की नाही, याचा विचार करीत राहिलो. तिने विचारले नाही आणि मी मागितले नाही.

आम्ही इकडचे तिकडचे बोललो. त्याने कुबडी दाखवली, ती बगलेत कशी रुतते ते सांगितले. बैठकीत मी जे बोललो त्याबद्दल त्याने एक अक्षर काढले नाही. मीच म्हणालो, "नवनाथ, मी तिथं बोललो नसतो तर तुझं काम..." त्याने हात झटकला. "जाऊ दे. ती मावशी गेली असती आत. तिनं पुरण घालायचं कबूल केलतं मला." आणि पुन्हा हसला. त्या हसण्याला तळ होता की नव्हता, मला कळले नाही.

मग तो पुढे झुकला. आवाज खाली आणून, आईकडे एकदा बघून, त्याने विचारले, "एक सांग भास्कर. खरं सांग. त्या दिवशी पुढं कोण होतं?"

गहू निवडणारे हात थांबले होते. ते मला न बघताही कळले.

बैठकीतले उत्तर माझ्या ओठावर होते. पण त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते चौकशीचे नव्हते. हॉटेलातले बोलणे त्याच्यापर्यंत पोचले असणार. तरीही तो माझा दोष शोधीत नव्हता. त्याला जिंकलेले असायला हवे होते. आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आले की तो पुढे होता असे म्हटले, तर शर्यत त्याची होते आणि साफ वाट सोडून दाण्यांवर जाणेही त्याचेच होते. माझ्याकडे काही उरत नाही.

"तू पुढं होतास," मी म्हणालो. "चांगलाच पुढं होतास."

नवनाथ मागे टेकला. त्याने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. "म्हणलं नव्हतं का आई मी? मीच पुढं होतो. त्यानं न्हाई दाबलं मला."

ती उठली. पदराने हात पुसले, माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. "मग ह्याचा काय दोष," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. आत गेली, तांब्या घेऊन आली, आणि माझ्या हातावर पाणी घालत म्हणाली, "उन्हाचा आलायस लेकरा. जेवून जा."

तिने ताटात भाकरी वाढली, वर कांदा फोडून ठेवला. नवनाथ शेजारी बसून मला आग्रह करीत होता. मी मान खाली घालून जेवलो. तिने पुन्हा वाढले तेव्हा नको म्हणालो नाही.